शेखबाईंची काळी शक्ती

आमच्या शेखबाई बहात्तराव्या वर्षी अंतराळयान चालवतात, आणि राक्षसांशीसुद्धा अहो-जाहो करून लढतात. "अहो, बाजूला व्हा, नाहीतर गोळी घालीन," असं त्यांनी लॅपटॉपला दरडावलेलं मी या कानांनी ऐकलंय.

बाई मला शाळेत नागरिकशास्त्र शिकवायच्या. आता वारज्यात आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. दर रविवारी दुपारी चारला त्या आणि बंगळुरूला असलेला त्यांचा मुलगा इम्रान मिळून लॅपटॉपवर हा ऑनलाइन खेळ खेळतात. मी चहाच्या निमित्ताने जाऊन बसतो.

या खेळात नायकाला एक काळी शक्ती मिळते. शत्रूचा प्राण ओढायचा आणि आपल्या माणसाला द्यायचा. बाईंनी त्या शक्तीचं बटण कधी दाबलं नाही. त्यापायी मायलेक चार महिने एकाच ग्रहावर अडकलेत.

"नायकानेच असले धंदे करायचे, तर खलनायक कशाला ठेवलाय?"

"पण बाई, बंदूक चालते?"

"बंदूक समोरून दिसते. हे म्हणजे दुसऱ्याच्या पेपरात बघून लिहिणं. नियमात बसतं का?"

हा बाईंचा जुना सवाल. नववीच्या परीक्षेत त्यांनी स्वतःच्या इम्रानची कॉपी पकडली आणि भर वर्गातून त्याला बाहेर काढलं. मी मागच्याच बाकावर होतो. माझ्या मोज्यातली चिठ्ठी मी तिथल्या तिथे गिळली. अशी बाई पुन्हा पाहिली नाही बुवा! आजही त्यांच्यासमोर मी नीट ताठ बसतो.

गेल्या रविवारी इम्रानच्या गड्याला सात-आठ राक्षसांनी घेरलं. "अम्मी, गेलो मी! आता पुन्हा पहिल्यापासून!" इम्रान ओरडला. बाईंनी एकदाही चष्मा सावरला नाही, की 'अहो' म्हटलं नाही. थेट ते बटण दाबलं. राक्षस धडाधड कोसळले आणि इम्रानचा गडी उठून उभा राहिला.

 तिकडून इम्रान हसत म्हणाला, "अम्मी, नियमात बसतं का?"

"नाही बसत. तू आधी पळ!"

खेळ संपला. बाईंनी लॅपटॉप मिटला, पण हात त्यावरच ठेवला.

"नववीतलं आठवतं ना रे तुला?"

"बाई, तुमचं बरोबरच होतं."

"बरोबरच होतं. आजही तेच करीन. पण घरी आल्यावर त्याला जवळ घ्यायला हवं होतं. मी पेपर तपासत बसले."