मडमच्या केकचं सारवण

गोळीबंद पाक झाल्याशिवाय आबाजीने आजवर एकही गोड पदार्थ चुलीवरून उतरवला नव्हता. दहिवलीत कुणाकडे लग्न असो की संक्रांत, लाडूच्या कढईपाशी आबाजीच बसायचा. थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळायची, ती पितळी ताटात टण्णकन वाजली पाहिजे. त्याच नावलौकिकावर त्याला कर्जतला रेल्वेच्या इंजिनियर साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाक्याची नोकरी लागली होती, आणि त्याच गोळीपायी ती आज जायची वेळ आली होती.

मुंबईहून मोठ्या साहेबाची बायको दोन दिवस राहायला यायची होती. सकाळी मडमने स्वतः केक भाजला. वरचा काळा लेप तेवढा ताजा हवा, म्हणून तो आबाजीवर सोपवला. कोको, साखर, लोणी, दूध, सगळं मोजून पातेल्यात घालून दिलं आणि टोपी बांधता बांधता बजावलं, "बुडबुडा आला, थोडा जाड झाला, की लगेच उतर. केकवर ओत. आणि हात लावायचा नाही, सुरीने पसरव. समजला?"

"समजलं, मडमबाई."

"पुडिंगसारखं नको करू."

आबाजीने मान खाली घातली. गेल्या आठवड्यात अंडी कमी पडली, पुडिंगला पिवळा रंग येईना, म्हणून त्याने चिमूटभर हळद घातली होती. चिमूट त्याच्या हाताची होती, म्हणजे मूठच. आता केक बिघडला तर परवापासून गोव्याचा खानसामा येईल, असं मडमने त्याला स्पष्ट सांगितलं होतं. ती टांग्यात बसून स्टेशनवर गेली आणि आबाजी चुलीपुढे बसला.

बुडबुडे आले. लेप जाड झाला. आबाजीने पाण्याच्या वाटीत थेंब टाकला, तो विरघळून गेला. आता असला कच्चा पाक उतरवायचा म्हणजे आयुष्यभराच्या कीर्तीवर पाणी सोडायचं. मडम बिचारी परमुलखातली, तिला पाकातलं काय कळतंय, असं म्हणत त्याने चुलीत आणखी एक लाकूड सारलं. थोड्या वेळाने गोळी वळली. ताटात टाकली, टण्ण वाजली. आबाजी खूश झाला आणि पातेलं उतरवून त्याने चमचा उचलला. चमच्याबरोबर पातेलंही वर आलं.

मग त्याची धावपळ उडाली. त्याने दूध घातलं, पुन्हा चुलीवर ठेवलं, ढवळून ढवळून खांदा भरून आला. लेप एकदाचा सैल झाला तसा त्याने तो घाईघाईने केकवर ओतला. तो एका बाजूला ढिगासारखा बसला आणि दुसरी बाजू उघडीच राहिली. सुरी फिरवावी तर केकचे तुकडे निघू लागले. नवा लेप करावा तर कोकोचा डबा रिकामा. तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली.

आबाजीने कपाळाला हात लावला. त्याचं कपाळही काळं झालं.

त्याची बायको गोदूबाई मागच्या दाराशी सारवणाची पाटी ठेवून आत डोकावली. बंगल्यामागच्या त्यांच्या खोलीचं अंगण तिला सारवायचं होतं. "अवो, त्वांडाला काय फासलंय?"

"नोकरी गेली गं माजी! ह्यो लेप पसरंना. सुरी लावली की केक उकलतोय."

गोदूबाईने केकभोवती एक फेरी मारली. "सुरीनं कुटं पसरतंय व्हय? ह्याला हात पायजे."

"मडम हात लावू नको म्हनलीया!"

"मंग आना गोव्याचा खानसामा."

आबाजीने एकदा दाराकडे पाहिलं आणि तो हळूच म्हणाला, "हात धुतलंस का?"

"शेनाचं लावीन व्हय? येडं का खुळं तुमी!"

तिने साबणाने दोनदा हात धुतले, कोमट दुधात तळवा बुडवला आणि कामाला लागली. एक अर्धा चंद्र, त्याला लागून दुसरा, मग तिसरा. ढीग खाली बसला, उघडी बाजू झाकली गेली. बघता बघता केकचं सुरेख अंगण झालं. गोदूबाई तेवढ्यावर थांबणारी नव्हती. सारवलेली जागा मोकळी ठेवणं तिला कधीच जमलं नव्हतं. तिने पिठीसाखर चिमटीत धरली आणि मधोमध आठ पाकळ्यांचं कमळ काढलं.

"आता हळदीचं येक बोट..."

"हळद नको!" आबाजीने तिचा हात धरला. बाहेर टांगा वाजला.

चहाच्या वेळी आबाजी पडद्याआड उभा होता. पाहुणीने केक पाहिला आणि ती जवळजवळ किंचाळलीच. आबाजीने डोळे मिटले. पण पाठोपाठ "ब्यूटिफुल, ब्यूटिफुल" असं ऐकू आलं. एवढं इंग्रजी त्याला येत होतं. त्याने एक डोळा उघडला. पाहुणी बोटाने ते अर्धे चंद्र दाखवत काहीतरी विचारत होती. मडम क्षणभर गोंधळली, मग तिने हसून स्वतःच्याच छातीवर हात ठेवला.

आबाजीचा जीव भांड्यात पडला. मडमने केक आपल्या नावावर घेतला, आता त्याला कोण काढतंय! त्याला तिथेच नाचावंसं वाटलं.

चहा आटोपला तशी मडम स्वयंपाकघरात आली. चेहरा पांढराफटक. तिने दार लावून घेतलं.

"आबाजी, हा कुणी केला? खरं सांग."

आबाजीला खोटं सुचलं नाही. "आमच्या हिनं, मडमबाई. हातानं. चूक झाली. गोव्याचा खानसामा..."

"कोण खानसामा? खानसामा नको!" मडम कुजबुजली. "उद्या सकाळी पाहुणी माझ्यासमोर बसणार. मी करणार, ती बघणार. कोको सकाळच्या गाडीने येतो. मला आज शिकायला पाहिजे!"

पाहुणीबाई साहेबाबरोबर नदीकडे फिरायला गेल्या. बंगल्यामागच्या अंगणात मडमने झग्याचा घोळ कमरेला खोचला, बाह्या वर केल्या, नाक मुरडलं आणि पाटीत हात घातला. आबाजी फाटकाशी पहाऱ्याला उभा राहिला. कितीतरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता येत होता.

"जोर नका लावू, मडमबाई," गोदूबाई म्हणाली. "तळवा हलका. आसा. मनगटातनं फिरवा."

अर्ध्या तासाने मडमचा पहिला नीट अर्धा चंद्र उमटला. तिने घाम पुसत मोठ्या आशेने वर पाहिलं. "चांगला?"

गोदूबाईने मान वाकडी करून तो निरखला.

"बरा हाय," ती म्हणाली. "पन हात अजून बसला नाय. आंगन झालं की आमची खोली बी घ्या."

मडमने पाटी पुढे ओढली.