मधला मायनस

गणिताचे नागेश सर बायकोमुलांना घेऊन भारतात निघून गेले, ही बातमी ज्या दिवशी कळली, त्या दिवशी मोहियुद्दीनच्या घरात चूल पेटली नाही; त्याची बायको मेहनाज वारली, त्यानंतर ही दुसरी वेळ. कुवेतच्या लढाईला तोंड फुटलं होतं, रियाधवर क्षेपणास्त्रं पडत होती, शाळा बंद होती. पण त्याच्या मुलीची, सहरची, बारावीची परीक्षा काही रद्द झाली नव्हती, आणि तिला कॅल्क्युलस शिकवणारं रियाधच्या अख्ख्या मलाझ भागात दुसरं कुणी नव्हतं.

"अब्बा, मॅथ्स गेलं तर इंजिनिअरिंग खलास," सहर म्हणाली. "मम्मी असती तर..."

मोहियुद्दीन एसी दुरुस्त करायचा. जानेवारीत एसी कोण लावतो? तो रिकामाच होता. वरच्या मजल्यावर उस्ताद हमदी नावाचे, इजिप्तहून आलेले मिसरी मास्तर राहत. अरबी शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्याकडे जाऊन त्याने हात जोडले.

उस्ताद कबूल झाले. पण वयात आलेल्या परक्या मुलीला समोर बसवायचं नाही, असा त्यांचा नेम होता. त्यावर तोडही त्यांनीच काढली. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "हम तुम को सिखाएगा. तुम बिंत को सिखाओ. यल्ला!" बिंत म्हणजे मुलगी.

झालं. रोज संध्याकाळी मोहियुद्दीन वर जाऊन बसायचा. उस्ताद गणित सोडवायचे, हा मान डोलवायचा. कुराणामुळे अरबी अक्षरं वाचता येत होती, बाजारामुळे आकडे. अरबी 'सीन'च्या जागी एक्स, 'साद'च्या जागी वाय, अरबी आकड्यांच्या जागी इंग्रजी, असं एकेक जिथल्या तिथे बदलून तो कागद खाली आणायचा. समजायचं काहीच नाही. फक्त लिमिट समजलं. "पास जाता, और पास जाता, लेकिन पहुंचता नहीं," असं उस्तादांनी सांगितलं, तेव्हा त्याने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. उस्तादांनीही घाई केली नाही, चहा मागवला.

चार दिवसांत सहर भडकली. "अब्बा, हे काय? सगळे प्लस-मायनस राँग आहेत! उस्तादला सांगा, आधी स्वतः ट्यूशन लाव."

मोहियुद्दीन वर गेला. "उस्ताद, बेटी बहुत शुक्रिया बोलती है. एक छोटा सवाल है."

उस्तादांनी सहरने सोडवलेलं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बिंत मुख माफी!"

म्हणजे पोरीला डोकंच नाही. मोहियुद्दीन खाली आला. "उस्ताद म्हणतात, हुशार आहे. जरा नीट लक्ष दे, बाय."

"माझं लक्ष आहे!"

असं आठवडाभर चाललं. उत्तरं काही जुळेनात. सहर रडकुंडीला आली. "मी सायन्सच सोडते," म्हणाली. मोहियुद्दीनचं जेवण उडालं.

मग एका संध्याकाळी सायरन वाजला. विषारी वायू येईल म्हणून खिडक्यांना चिकटपट्टी लावलेली खोली इमारतीत एकच होती, ती मोहियुद्दीनची. उस्ताद आणि त्यांची बायको धावत खाली आले. उस्तादांच्या तोंडावर सरकारी मास्क होता, सोंडेसारखा. सहरच्या तोंडावर ओला टॉवेल. कुणाचाच चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे नेमाचा प्रश्नच उरला नाही.

उस्तादांनी मोहियुद्दीनने उतरवलेला कागद ओढला. मास्कातून आवाज घुमला, "देखो! सीन मायनस तीन!" आणि उजवीकडून बोट फिरवत वाचायला लागले. सहर टॉवेलातून ओरडली, "नो! थ्री मायनस एक्स!" आणि तिने डावीकडून बोट फिरवत वाचून दाखवलं.

दोघांची बोटं मधल्या मायनसवर एकमेकांना धडकली.

उस्ताद उजवीकडून वाचत होते, सहर डावीकडून. मोहियुद्दीनने अक्षरं बदलली होती, दिशा बदललीच नव्हती. दोघांनी सावकाश त्याच्याकडे मान वळवली.

"अब्बा!"

"मुख माफी," मोहियुद्दीन स्वतःच म्हणाला. मास्कातून उस्तादांचं हसू सोंडभर घुमलं.

धोका टळल्याचा भोंगा वाजला. जाताना उस्ताद म्हणाले, "कल से बिंत आएगी. मेरा मॅडम साथ बैठेगा. तुम्हारा काम खलास."

मोहियुद्दीनची सुटका झाली. पण तो दारातच घुटमळला. मेहनाज गेल्यापासून उस्तादांखेरीज कुणाच्या घरी तो टेकलाच नव्हता.

"उस्ताद, मैं भी आके बैठूं? पीछे?"

"तुम्ही कशाला, अब्बा?"

"मला आता कुठे मायनस कळलाय गो."

सहर पास झाली, पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. मोहियुद्दीन संध्याकाळी अजून वर जातो. डेरिव्हेटिव्ह संपलंय. इंटिग्रेशन राहिलंय.