सतरा घागरी आणि पन्नास टक्के बोनस

शेषेराव बिरादारांनी गाडी मागे घेतली आणि गल्लीतल्या सतरा घागरी एका दमात आडव्या झाल्या.

त्या काही साध्यासुध्या घागरी नव्हत्या. टँकर आठ दिवसांतून एकदा यायचा, म्हणून आदल्या संध्याकाळीच प्रत्येक घराची एक घागर रांगेत उभी राहायची. माणसं घरी झोपायची आणि घागर नंबर धरून ठेवायची. त्या उन्हाळ्यात उदगिरात नळाला पाणी नव्हतं, विहिरीला नव्हतं, धरणाचं तर विचारूच नका. पण उदगीर जिल्हा होणार अशी जोरदार चर्चा होती, त्यामुळे तसं काळजीचं काही कारण नव्हतं.

शेषेराव पंचायत समितीतून निवृत्त झाले होते आणि जिल्हा मागणीच्या समितीत नुकतेच रुजू झाले होते. सकाळी सातला मोर्चाला निघताना गाडीची मागची काच त्यांनी 'जिल्हा झालाच पाहिजे' या कापडी फलकाने पुरती झाकली होती. मागचं काही दिसत नव्हतं, पण चळवळीत माणसानं पुढंच बघायचं असतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

प्लॅस्टिकच्या चार घागरी तडकल्या. सरजाबाईंचा तांब्याचा हंडा मात्र बहाद्दर निघाला. त्याला पोचाही आला नाही. उलट त्यानेच गाडीचा मागचा दिवा फोडला आणि बंपर एका बाजूने लोंबता केला.

"शेषेराव, डोळे घरी ठिवून आलाव का?" सरजाबाई पदर खोचत आल्या.

"रस्त्यात कशाला ठिवता घागरी?"

"मग कुठं ठिवाव, गच्चीवर? टँकर काय इमान हाय उडत यायला?"

तेवढ्यात शेजारची पंचशीला दात घासत बाहेर आली. पोरगी दहावीत होती, आणि दहावीतल्या पोरींना जगातलं बहुतेक सगळं ठाऊक असतं. ती म्हणाली, "काका, भांडता कशाला? गाडीचा इन्शुरन्स हाय की. ठाण्यात कळवा, पंचनामा करा. बंपर बी भेटल अन् घागरी बी."

शेषेरावांचा चेहरा असा उतरला, जणू कुणी किडनी मागितली. विम्याचा नियम असा की वर्षभर एकही दावा केला नाही की पुढच्या हप्त्यात सूट मिळते, आणि ती दरसाल वाढत जाते. याला म्हणतात नो क्लेम बोनस. शेषेरावांचा बोनस पाच वर्षांत पन्नास टक्क्यांवर पोचला होता. एक दावा केला की थेट शून्य. पाहुणे आले की ते चहाच्या आधी पॉलिसी दाखवायचे. "पाच वर्षं. एक ओरखडा न्हाई." ओरखडा येणार तरी कसा? गाडी महिन्यातून दोनदा निघायची, आणि वेग असा की गल्लीतल्या कुत्र्यांनी मागे लागणं केव्हाच सोडून दिलं होतं.

"अपघात झालाच न्हाई," शेषेराव म्हणाले. "घागरी पडल्या. वाऱ्यानं बी पडतेत."

"हाव. वारा पांढऱ्या गाडीत बसून आल्ता," पंचशीला म्हणाली.

मग घागरी उभ्या करायची वेळ आली, तेव्हा कळलं की पहिला नंबर एकूण अकरा जणांचा होता. दुसरा नंबर कुणाचाच नव्हता. अकरा जणांनी एकमेकांची तीन पिढ्यांची माहिती मोठ्याने सांगायला घेतली आणि नेमका तेव्हाच टँकर वळणावर आला. पाण्याच्या ठिकाणी गर्दी करायला त्या उन्हाळ्यात बंदी होती. ड्रायव्हरने भांडण बघितलं, गिअर बदलला आणि टँकर दुसऱ्या गल्लीला निघून गेला.

भांडण जागच्या जागी मिटलं. सतरा घरं शेषेरावांकडे बघत होती.

"आता पंचनामाच करू," सरजाबाई म्हणाल्या.

"अहो, देगलूर रोडला माझ्या भावाच्या बोअरला पाणी हाय की," शेषेरावांच्या पत्नी जगदेवीबाई दारातून म्हणाल्या. "अकरा किलोमीटर. आणा आठ दिस गाडीतून. पंचनाम्यापरीस बरं."

"गाडीतून? सीट भिजतेत."

"मग बोनस भिजू द्या."

असे शेषेराव पाणी वाहायला लागले. एका फेरीत नऊ घागरी, दिवसाला दोन फेऱ्या. बंपर त्यांनी सुतळीने बांधला. फलक काढला, कारण आता मागे बघावं लागत होतं. तिसऱ्या दिवशी सीटला शेवाळाचा वास आला, पाचव्या दिवशी गाडी मागून बसली आणि चढावर म्हशीसारखी हंबरायला लागली.

सहाव्या दिवशी पोलिसाने अडवलं. "मागचा दिवा कुठाय?"

"साहेब, काय लिहू नका. रेकॉर्ड खराब व्हतं."

"लिहून कोण राहिलंय?" पोलीस घागरींकडे बघत म्हणाला. "एक घागर उतरवा. घरी दोन दिसांपासून पाणी न्हाई."

आठ दिवस संपले, पण टँकर आलाच नाही. चौकशीला गेलेल्या पंचशीलाला कळलं की या गल्लीला गाडीने पाणी मिळतं, म्हणून टँकरच्या यादीतून तिचं नाव कमी झालंय. सरकारी काम इतक्या तत्परतेने होतं, हे शेषेरावांना नोकरीच्या तीस वर्षांत दिसलं नव्हतं.

शेषेरावांच्या फेऱ्या चालूच राहिल्या. महिना उलटला आणि पॉलिसी नवी करायला विमा एजंट मन्मथ घरी आला. शेषेरावांनी छाती फुगवून सगळी हकिकत सांगितली. मन्मथने चहाचा कप खाली ठेवला.

"काका, घागरीचं नुकसान म्हंजे थर्ड पार्टी, परक्याचं. त्यानं बोनस जात न्हाई."

"जात न्हाई?"

"न्हाई. सोताच्या गाडीचा क्लेम केला तरच जातो. अन् तुमची गाडी चौदा वर्षांची. किंमत किती धरतेत? पन्नास टक्के बोनस म्हंजे सातशे चाळीस रुपये."

शेषेरावांनी वर पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता, वीज नव्हती.

"मग बंपरचा क्लेम कर," ते म्हणाले. "दिव्याचा कर. जाऊ दे बोनस."

"उशीर झालाय. पण दोन-चार साक्षीदार द्या, बसवतो कुठं तरी."

"दोन-चार? सतरा घरं हायत."

मन्मथ वही घेऊन आधी सरजाबाईंकडे गेला.

"अपघात? शेषेरावचा?" सरजाबाईंनी गालावर हात ठेवला. "काय बी काय बोलता. इतका सावकाश माणूस आख्ख्या उदगिरात भेटायचा न्हाई."

दुसऱ्या घरी तेच. सातव्या घरी तर देवाची शपथ घेतली गेली. शेषेरावांनी शेवटी पंचशीलाला गाठलं. "तूच म्हनलीस ना, पंचनामा करा म्हणून?"

"काका, क्लेम झाल्यावर गाडी ग्यारेजात किती दिस राहील?"

"पंधरा तरी."

"पंधरा," पंचशीलाने मान हलवली. "मग अपघात न्हाईच झाला."

मन्मथ परत आला तो खुशीत. "काका, सगळी गल्ली तुमची तारीफ करून राहिली. मी सहावं वर्ष बी बिनक्लेमचं लिहितो."

त्याने कागद हातात दिला. शेषेराव तो घेऊन दारात आले. सतरा घागरी ओळीने त्यांच्या फाटकापाशी उभ्या होत्या, आणि नंबरावरून कुणाचंच भांडण नव्हतं. त्यांनी कागद खिशात घातला आणि डिकी उघडली.