निमजेंचा कान आणि आमचा मुका डबा

आमचे शेजारी शंकरराव निमजे कोणाच्याही घरी गेले, की आधी फ्रिजला कान लावतात आणि मग माणसांना नमस्कार करतात. नवख्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. एकदा ते कोणासाठी तरी मुलगी बघायला गेलेल्या मंडळींत होते. मुलीकडच्या बैठकीत बसल्याबसल्या त्यांनी डोळे मिटले, मान वर केली आणि छताचा पंखा ऐकत राहिले. मुलीच्या वडिलांना वाटलं, पाहुण्यांना घरात काही खोट दिसली. पोहे आले, तरी डोळे मिटलेलेच. शेवटी निमजेंनी डोळे उघडले. "बेअरिंग गेली हाय," ते म्हणाले, "बाकी घर चांगलं हाय." लग्न जमलं. पंखा त्यांनीच उतरवून नेला आणि नीट करून आणून दिला.

भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत माणसं खाली-वर नेणाऱ्या पाळण्याचं यंत्र त्यांनी जन्मभर चालवलं. त्यांच्या खोलीतून पाळणा दिसत नसे. घंटी आणि दोराचा आवाज, एवढ्यावर काम. नुसत्या दोराच्या आवाजावरून पाळण्यात माणसं किती, हे आपण सांगू शकत असू, असं ते म्हणतात. मी पाटबंधारे खात्यात अंदाजपत्रकं करून निवृत्त झालेला माणूस. पडताळलेलं नसेल ते खरं म्हणून लिहायची मला सवय नाही, म्हणून हे फक्त त्यांचं म्हणणं म्हणून नोंदवतो. पण आमच्या पाण्याच्या मोटारीला कान लावून "उद्या बंद पडंल" असं ते म्हणाले, आणि ती दुसऱ्या दिवशी बंद पडली, हे मी स्वतः पाहिलं आहे.

"थांबा, आयकू द्या," हे त्यांचं पालुपद. मिक्सर असो, स्कूटर असो, भांडणारं नवरा-बायकोचं जोडपं असो, आधी हात वर आणि "थांबा, आयकू द्या."

आमच्या आणि त्यांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. त्या भिंतीवरून एक काळी तार गेलेली आहे. तिची हकिकत आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. नव्वदच्या दशकात आमच्याकडे फोन आला, तेव्हा गल्लीत दुसरा नव्हता. निमजेंनी कुठूनतरी एक जुना काळा फोन पैदा केला आणि आमच्याच लाइनीवरून तार ओढून आपल्या घरात लावला. नंबर एकच. घंटी दोन्हीकडे वाजायची. कोणाचा फोन आहे हे आधी दोघांनी उचलून ठरवायचं.

या व्यवस्थेचा खरा उपयोग माझ्या बायकोने, मंगलाने, आणि निमजेंच्या सुमनवहिनींनी शोधला. दोन्हीकडे एकाच वेळी रिसीव्हर उचलला, तर नंबर न फिरवता एकमेकींशी बोलता येतं. मागे तो फोनचा 'ऊंऽऽ' असा सूर चालू असतो, पण त्यावरून बोललेलं ऐकू येतं. थोड्या वेळाने सुराचं टूं-टूं होतं. मग ठेवायचा आणि पुन्हा उचलायचा. रोज दिवेलागणीला, देवापाशी दिवा लावून झाला, की दोघी उचलायच्या. पहिला प्रश्न ठरलेला: "काय भाजी केली?" मी कितीदा सांगितलं, अगं, दार उघडून चार पावलं गेलीस तर भाजी डोळ्यांनी दिसेल. मंगला म्हणायची, "डोळ्यांनी पाहिली की बोलायला काय उरलं?"

सुमनवहिनी गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. निमजे एकटेच राहतात, स्वतः रांधतात. तार भिंतीवर तशीच राहिली. आमच्याकडे मोबाइल आला, काळ्या फोनचा कोणी विचारही केला नाही.

मग त्याच फोनच्या लाइनीवर इंटरनेटचा राउटर आला. आमची केतकी बंगलोरला असते. तिला मुलगी झाली, सई. बाळंतपणाची रजा होती तोवर केतकीने ठरवलं, की रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर आम्हाला नात दाखवायची. मंगलाने कॉम्प्युटरसाठी कपाटासमोरची जागा पुसून घेतली, पडदा बदलला. जणू नात तिथूनच रांगत बाहेर येणार. राउटरचा डबा आला, त्याचे हिरवे दिवे लागले, पडद्यावर सईची टाळू दिसली. मग कपाळ, मग डोळे. मंगला पदर तोंडाला लावून नुसती पाहत राहिली. सईने तोंड उघडलं, आणि तशीच थांबली. उघडं तोंड, त्यात एक दात, आणि डब्यावरचा एक दिवा विझलेला.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दिवसभर मी नेटवर पेपर वाचतो, रेल्वेची वेळ पाहतो, काही होत नाही. नेमकं दिवेलागणीला, नात समोर आली की नेट जायचं. थोड्या वेळाने आपसूक यायचं, पण तोवर सई रडून झोपलेली असायची. "आई, राउटर बंद करून चालू कर," केतकी मोबाइलवर सांगायची. मंगला मला सांगायची. मी निमजेंना बोलावलं.

ते आले. फ्रिजला कान लावला, मला नमस्कार केला, आणि राउटरसमोर मांडी घालून बसले.

"थांबा, आयकू द्या."

आम्ही श्वाससुद्धा बेताने घेतला. त्यांनी डब्याला एक कान लावला, मग दुसरा. चेहरा उतरत गेला. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं हरलेलं पाहिलं नव्हतं.

"भाऊ, हा तं मुका हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "याच्यात काहीच फिरून नाही राह्यलं. याले काय दुखते, कसं समजाव?"

पण ते हटले नाहीत. रोज दुपार कलली की यायचे. जमिनीची ओल लागते म्हणून डबा विटेवर ठेवला. विटेवरून खिडकीत, खिडकीतून देव्हाऱ्याच्या फळीवर. ट्यूबलाइटचा चोक गुणगुणतो, त्यानं डबा घाबरत असेल, म्हणून संध्याकाळी ट्यूब बंद. त्यामुळे केतकीला आम्ही दिसेनासे झालो. "बाबा, तिकडे लाइट गेलीये का?" ती विचारायची. मी डबा बंद करून चालू करायला गेलो, तर निमजेंनी हात धरला. "झोपेतून उठवलं तं मशीन चिडते, भाऊ. बायकोले उठवता का असं?"

"ते उठवतच नाहीत. चहाची वेळ झाली की बाजूला उभे राहून खोकतात," मंगला म्हणाली.

थंडीचे दिवस होते. त्या संध्याकाळी मला अजून स्वप्नासारख्या आठवतात. राइस मिलमधून उकड्या धानाचा वास गल्लीभर पसरायचा, धुकं नदीकडून चढत यायचं, छोट्या लाइनची, नॅरोगेजची गाडी कुठेतरी लांब शिटी द्यायची. ट्यूब बंद केलेल्या आमच्या खोलीत देवाची समई आणि डब्याचे हिरवे दिवे, एवढाच उजेड. त्यात निमजे डोळे मिटून बसलेले. शिटी वाजली की ते उठायचे. "दिवाबत्ती करून येतो, भाऊ. पाच मिनिटं." ते गेले, की डब्याचा दिवा विझायचा. परत आले, की लागलेला असायचा.

"मी इथं असलो का नाही जात," ते खुशीत सांगायचे. "पाह्यलं? माह्या धाकात हाय तो. मी पाठ फिरवली का बदमाशी करते."

"मग पाठ फिरवूच नका ना, भाऊजी," मंगला म्हणायची. "दिवा आजच्या दिवस मी लावून येते तुमच्याकडचा."

"नाही वहिनी. तेवढं मले जाव लागते."

शेवटी मी टेलिफोन खात्यात तक्रार नोंदवली आणि लाइनमन आला. तरुण, घाईत, कानावर बिडी खोचलेली. निमजेंनी त्याला डब्याची सगळी हकिकत सांगितली, विटेसकट. त्याने डब्याकडे पाहिलंही नाही. बाहेर गेला, भिंतीवर नजर फिरवली आणि ओरडला, "साहब, ये तार किधर जा रहा है?"

आम्ही दोघं बाहेर गेलो.

"पैरेलल है. बीमारी यही है," तो म्हणाला. "आपके फोन पे तो डिब्बी लगी है, फ़िल्टर वाली. ये तार डिब्बी के पहले से निकला है. उधर कोई भी फोन उठाएगा, इधर नेट गिरेगा. कल सीढ़ी लाता हूँ, काट देंगे."

मी निमजेंकडे पाहिलं.

"मी तं कोणाले फोनच नाही करत," ते म्हणाले. मग थोडा वेळ तारेकडे पाहत राहिले. "काट बाप्पा. माह्या काय कामाची?"

ते घरी गेले. जाताना अंगणातल्या आमच्या पाण्याच्या मोटारीला नेहमीसारखा कान लावायचं विसरले. तेव्हाच मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

मला हिशेब लागत नव्हता. निमजे फोन करत नाहीत हे खरं होतं. लाइन आमच्या नावावर, बिल मी दर वेळी ओळ न ओळ तपासतो, त्यात न केलेला एकही कॉल कधी निघाला नाही. मग दिवेलागणीला रिसीव्हर उचलतं कोण? त्या संध्याकाळी गाडीची शिटी झाली, सई पडद्यावर आली, आणि दिवा विझला. मी उठलो आणि आमचा रिसीव्हर कानाला लावला. फक्त पडताळायला.

तो सूर चालू होता. ऊंऽऽ. त्याच्यामागून, विहिरीतून यावा तसा निमजेंचा आवाज येत होता.

"...भाऊच्या घरचा डबा मीच पाडत होतो वो. रोज. अन् वरून तिथं जाऊन धाक दाखवत होतो त्याले. मले काय मालूम? नातीचं तोंड पाहू नाही दिलं मी वहिनीले." थोडा वेळ नुसता सूर. "वांग्यात मीठ जास्त पडलं आज. तू असती तं बोलली असती." पुन्हा सूर. "उद्या तार काटते तो पोट्टा. हे आजचं शेवटचं हाय. आता हा आवाज कुठून आणू? याच्या मांगं तू बोलत होती, थेच घरात उरलं होतं."

सुराचं टूं-टूं झालं. खट् असा आवाज आला. डब्याचा दिवा लुकलुकला, लागला, आणि सई पडद्यावर जांभई पूर्ण करून आमच्याकडे पाहू लागली.

"कोण होतं फोनवर?" मंगलाने विचारलं. मी तिला ऐकलं तेवढंच सांगितलं, आपल्याकडचं काही न मिसळता. ती सईला टाटा करायलाही विसरली.

सकाळी लाइनमन शिडी घेऊन आला. मी त्याला विचारलं, तार न कापता काही होतं का?

"होता है. डिब्बी उठा के बाहर लगा दो, दोनों फोन उसके पीछे. पर साहब, इस बुढ़िया तार के लिए इतनी मेहनत कौन करे?"

"तू. कर."

निमजे अंगणाच्या भिंतीपलीकडून मान वर काढून पाहत होते. रात्री झोप लागली नसावी. "काहून भाऊ? काटा ना. काहून खोळंबून राह्यले?"

"तार ओढली तर भिंतीचं प्लास्टर निघेल," मी म्हणालो.

त्या बाजूला भिंतीला प्लास्टर नाही. मुळातच नाही, उघड्या विटा आहेत. निमजेंनी विटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी लाइनमनच्या शिडीकडे पाहिलं.

"हौ," ते हळूच म्हणाले. "प्लास्टर निघंल."

डबी बाहेर लागली. संध्याकाळी राइस मिलचा वास आला, धुकं आलं, गाडीने शिटी दिली. पडद्यावर सई होती, आणि डब्याचे सगळे दिवे हिरवे. एकही हलला नाही. त्यामुळे भिंतीपलीकडे कोणी फोन उचलला की नाही, हे आता मला कळायला मार्ग नव्हता.

मंगलाने समई लावली. हात पदराला पुसले. सईला म्हणाली, "थांब गं राणी," आणि उठून रिसीव्हर कानाला लावला. क्षणभर ती नुसती ऐकत उभी होती.

"भाऊजी, तुम्हीपण उचललाय का? बरं झालं," ती म्हणाली, जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. "काय भाजी केली?"

 मी भिंतीकडे पाहत होतो. आमची भिंत पातळ आहे, पलीकडचं थोडं ऐकू येतं. काही ऐकू आलं नाही. मग रिसीव्हरमधून आणि भिंतीतून, दोन्हीकडून एकदमच, घोगरा आवाज आला.

"थांबा, वहिनी... जरा आयकू द्या."

मंगला थांबली. फोनचा सूर चालू होता, तिच्या कानापासून लांब बसलेल्या मलाही तो बारीक ऐकू येत होता. पडद्यावर सई तोंड उघडं ठेवून आजीकडे पाहत होती. या वेळी ते तोंड तिचं तिनेच मिटलं.

"मेथी," भिंत म्हणाली.

"आणि मीठ?"

"आज बराबर हाय."