तोंडभर पाणी

"घ्या, तोंड भरून घ्या," प्रज्ञाने पाण्याचा तांब्या चेतनच्या हातात कोंबला. "आणि गिळायचं नाही. एसटीत बसेपर्यंत तसंच धरायचं."

"अगं, पण लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्या. तुम्ही काही म्हणायचं नाही."

आता तुम्हाला वाटेल, काय ही बाई! पण तिच्या जागी तुम्ही असता तर तांब्याच्या जागी हंडा दिला असता. कोल्हारात चेतनच्या घरापासून एसटी स्टँड इथल्या इथे. पण चेतन चालत जायचाच नाही, थांबत जायचा. कुणाच्या दारात माणूस दिसला की याचा पाय तिथे रुतलाच. म्हैस दूध का देईना, जावई आले का, बोअरला पाणी लागलं का. बरं, याला त्यातलं काही करायचं असतं का? काही नाही! नुसतं विचारायचं, ऐकायचं, आणि "येतो मग" म्हणून पुन्हा तिथेच उभं राहायचं.

एमआयडीसीतल्या कारखान्याची मुलाखत याने चुलत्यांच्या, म्हणजे सहादू तात्यांच्या, गोठ्यावरच्या पत्र्यांच्या गप्पांपायी घालवली. पुढच्या वेळी तर पठ्ठ्या एसटीपर्यंत पोचला होता. एक पाय पायरीवर, हात दांडीला, आणि तोंड खाली उभ्या असलेल्या माणसाकडे. कंडक्टरने विचारलं, "येताय का?" हा म्हणाला, "आलोच." कंडक्टरने पुन्हा विचारलं, हा पुन्हा "आलोच." मग कंडक्टरने घंटी मारली. याने पाय खाली घेतला आणि गप्पा पुऱ्या करूनच घरी आला.

गावातलं दूध संकलन केंद्र बंद पडल्यापासून चेतन घरीच होता. घर चालायचं ते प्रज्ञाच्या अंगणवाडीच्या मानधनावर आणि सासूबाईंच्या रोजंदारीवर. गुडघे धरून उठणारी कलाबाई अजून दुसऱ्याच्या कांद्यात खुरपायला जात होती, आणि ते बघून प्रज्ञाचा जीव तुटायचा. आज नगरच्या एका डेअरीत सुपरवायझरच्या जागेची मुलाखत होती. ही लागली तर सासूबाईंचं खुरपं कायमचं खुंटीला टांगायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. त्यात मोबाईलवर कुणी कोटवाले गृहस्थ यशाच्या आड येणाऱ्या सवयींवर बोलत होते. यशस्वी माणसं मोजकं बोलतात, असं त्यांनी हात हलवून हलवून सांगितलं. प्रज्ञाला ते शंभर टक्के पटलं.

"तिथेही विचारलं तेवढंच बोलायचं," तिने बजावलं. "आणि तो मोबाईल इकडे द्या. नाहीतर रस्ताभर त्याच्यावर सुरू व्हाल."

चेतनने मोबाईल दिला, गाल फुगवले आणि निघाला.

पहिल्याच वळणावर सहादू तात्या ओट्यावर बसलेले. "जयभीम, चेतन! कुनीकडं?"

चेतनने नुसते हात जोडले आणि पुढे गेला. तात्या ओट्यावरून उठलेच. जयभीमला जयभीम नाही? तेही चेतनकडून?

स्टँडजवळ बनुबाईची चहाची टपरी. ती म्हणाली, "आरं, च्या तरी घे." आता हसू दाबावं, पाणी सांभाळावं की एसटीकडे बघावं? चेतनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तोंडाकडे बोट दाखवलं, हात नकारार्थी हलवला, मग नगरच्या दिशेला बोट केलं. तोंडात पाणी आहे, बोलता येत नाही, नगरला चाललोय. याहून सोपं काय सांगायचं? एसटी आली, चेतन बसला आणि गेला.

तात्या धापा टाकत टपरीशी आले. "बनुबाई, चेतन बोलला का गं?"

"न्हाई वो. तोंडाकडं बोट दावलं आन् रडाय लागला. गाल बी सुजल्यात. नगरला दवाखान्यातच गेला आसंल."

"वाचा गेली म्हन पोराची!" तात्या मटकन बाकावर बसले.

थोड्याच वेळात अंगणवाडीच्या दारात कलाबाई उभी. हातात खुरपं, पायाला माती, मागे तात्या, बनुबाई आणि आणखी माणसं.

"माज्या लेकाची वाचा गेली आन् तू हितं पोरांस्नी गानी शिकवतीस व्हय गं?" कलाबाईने हंबरडाच फोडला.

प्रज्ञाने सगळं सांगितलं. तांब्या, पाणी, मुलाखत, अगदी कोटवाले गृहस्थसुद्धा. सगळे तिच्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले.

"सूनबाई," तात्या हळू आवाजात म्हणाले, "आमाला धीर द्यायला कायबी सांगू नगंस. चेतन आन् आपनहून गप ऱ्हाईल?"

"अहो तात्या, खरंच त्यांच्या तोंडात पाणी होतं!"

"डोळ्यात बी हुतं," बनुबाई म्हणाली.

"फोन लावा त्येला," मागून कुणीतरी म्हणालं. तात्यांनी लावला. प्रज्ञाच्या पर्समध्ये घंटी वाजायला लागली.

"बघा! फोन बी ठिवून गेला. बोलायचंच न्हाई म्हनल्यावर फोन कशाला लागतोय?" तात्या म्हणाले.

यावर प्रज्ञाने कपाळावर हात मारून घेतला. गावातल्या अजिनाथचा कांद्याचा टेम्पो रिकामाच होता. सगळे मागे चढले. ही माणसं नगरमधले सगळे दवाखाने पालथे घालणार हे दिसल्यावर, पोरं मदतनीस बाईंवर सोपवून प्रज्ञाही पुढे अजिनाथशेजारी बसली आणि डेअरीचा पत्ता सांगितला. एकदा डोळ्यांनी बघू दे, मग तरी घरी येतील, एवढीच तिची आशा होती.

इकडे चेतनचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागला होता. सुचित्रा मॅडम म्हणून तिथल्या मॅनेजर होत्या.

"स्वतःबद्दल सांगा."

"चेतन. कोल्हार."

"अनुभव?"

"दूध संकलन."

"तिथे काय काय करत होता?"

"संकलन."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, काम आहे गावोगाव फिरून शेतकऱ्यांना आमच्याकडे दूध घालायला तयार करायचं. त्याला बोलका माणूस लागतो हो. तुम्ही फारच अबोल आहात. सॉरी."

चेतनने तोंड उघडलं, प्रज्ञा आठवली, मिटलं. आणि नमस्कार करून उठला.

तेवढ्यात खाली गेटवर आरडाओरडा ऐकू आला. मॅडम आणि चेतन दोघेही खाली धावले. टेम्पोतून माणसं उतरत होती.

"मॅडम, त्येला काय इचारू नगा!" तात्या ओरडले. "वाचा गेलीया त्येची!"

"कुणाची वाचा गेली?" चेतन म्हणाला.

कलाबाईने मातीच्या हातांनी त्याचं तोंड धरलं. "बोल रं बाळा. आये म्हन."

"आये! काम टाकून कशाला आलीस? तात्या, तुमी बी? म्हैस कुनाकडं सोडली? दुपारचं दूध कोन काढनार? आन् बनुमावशी, तुजी गाय आटली हुती ती आली का दुधावर? अजिनाथ, तुज्या सासऱ्यानं डेअरी बदलली म्हनं, खरंय का?"

सकाळपासून तुंबलेलं सगळं बाहेर आलं. एकेकजण सांगायला लागला. कुणाचं दूध कोण नेतं, कुठे फॅट कमी दाखवतात, कुणाला गाडी वेळेवर येत नाही. मॅडम आधी चकित झाल्या, मग पुढे सरकल्या, मग स्वतःच विचारायला लागल्या.

"आमच्याकडे घालाल का दूध?"

"चेतन न्यायला येनार आसंल तर घालू की," तात्या म्हणाले.

मॅडमनी चेतनकडे नीट बघितलं. "तुम्ही वर असं का नाही बोललात हो?"

चेतनने प्रज्ञाकडे बघितलं. प्रज्ञाने टेम्पोच्या चाकाकडे बघितलं.

"सोमवारपासून या," मॅडम म्हणाल्या. कलाबाई रडायला लागली. प्रज्ञाने तिच्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि पदराने पुसून पर्समध्ये टाकलं. तिलाही रडू आलंच, पण त्यात संताप बराच मिसळलेला होता.

सगळे टेम्पोत मागे चढले, प्रज्ञा पुढे बसली. अजिनाथने गाडी सुरू केली. चेतन मात्र गेटपाशीच.

"येतो मग, मॅडम."

"हो, या. मलाही निघायचंय," मॅडम गेटला हात लावून म्हणाल्या. "पण त्या बोअरचं सांगत होतात, पुढे काय झालं?"

अजिनाथने हॉर्न दिला. वरून शिपाई ओरडला, "मॅडम, पुण्याचे साहेब केव्हाचे फोनवर थांबलेत!"

"आलेच!" मॅडम म्हणाल्या.

"आलोच!" चेतन म्हणाला.

प्रज्ञाच्या जिभेवर बरंच काही आलं. पण समोर उभी बाई सोमवारपासून नवऱ्याची मॅडम होती. तिने मुकाट्याने अजिनाथची पाण्याची बाटली उघडली, तोंड भरून पाणी घेतलं आणि गाल फुगवून समोर बघत बसली.

बनुबाईने केबिनच्या मागच्या खिडकीतून डोकावून बघितलं आणि छातीवर हात ठेवला.

"अगं बया! तात्या, उतरा खाली. हिची बी गेली!"