कोण ओरडतं ते बघू

वर्गप्रतिनिधी झाल्यापासून माझा एकही सल्ला वाया गेलेला नाही. त्यामुळे बाबांची नोकरी वाचवायची जबाबदारी मी अंगावर घेतली, तेव्हा मला तसूभरही भीती वाटली नाही!

बाबा एंटरप्राइज आर्किटेक्ट. आर्किटेक्ट म्हटल्यावर आईच्या माहेरी वाटलं, जावई इमारती बांधतो. मामाने तर लग्नातच गच्चीवर खोली काढायला किती खर्च येईल ते विचारून घेतलं. प्रत्यक्षात बाबा लिफ्ट बसवणाऱ्या एका अवाढव्य कंपनीत कागदावर चौकोन काढतात. कंपनीत खाती ढीगभर, प्रत्येकाचं कॉम्प्युटरवरचं काम वेगळं, आणि कुठलं कशाला जोडलंय ते एकालाही ठाऊक नाही. ते शोधून नकाशा करायचा, एकेका कॉम्प्युटर प्रोग्रामचा एकेक चौकोन. म्हणजे एकमेकींशी अबोला धरलेल्या पन्नास जावांच्या घरात कुणाचं पातेलं कुणाकडे आहे, ते हुडकण्यासारखं.

मग मोठ्या साहेबांनी फर्मावलं, की नकाशाचा उपयोग काय ते दाखवा. महिनाअखेर एक तरी निकामी गोष्ट काढून टाका, नाहीतर नकाशावाल्याची जागाच काढू. बाबांचं जेवण सुटलं. ताटात ते चमच्याने आमटीचे चौकोन करायचा प्रयत्न करायचे.

काढण्यासारखा एक चौकोन नकाशात होता. जुनाट, कोपऱ्यातला. त्यावर बाबांनी फक्त प्रश्नचिन्ह काढलेलं. बनवणारा केव्हाच निवृत्त झालेला. विक्रीवाले म्हणाले तो दुरुस्तीवाल्यांचा, दुरुस्तीवाले म्हणाले गुणवत्तावाल्यांचा, आणि गुणवत्तावाल्यांनी मीटिंगमध्ये आहोत असं कळवलं.

"बंद करून टाका ना," मी म्हणाले. "ज्याचा असेल तो ओरडेल. कोण ओरडतं ते बघू."

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. ऑफिसातही असं करतात म्हणे, पण त्यांचा आजवर धीर झाला नव्हता. आई म्हणाली, पोरीचं ऐकून काही करू नका, ती भाताला फोडणी घालायलाही मला चारदा विचारते. पण बाबांनी केलं!

कुणी ओरडलं नाही. दिवस गेले, आठवडा गेला, चिटपाखरूही फिरकलं नाही. उलट त्या आठवड्यात ग्राहकांची एकही तक्रार आली नाही म्हणून गुणवत्ता खात्याचा सत्कार झाला. बाबांच्या पाठीवर साहेबांनी थाप मारली. बाबा घरी शीळ घालू लागले. मी तर चालताना जमिनीला पाय लावत नव्हते.

त्या रविवारी आई आणि मी भाजी घेऊन येताना आमच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकलो. लिफ्ट बाबांच्याच कंपनीची, त्यामुळे मला मजाच वाटली. लाल बटण दाबलं. 'तक्रार नोंदवली आहे' अशी गोड बाईच्या आवाजात सूचना आली. पुन्हा दाबलं. पुन्हा नोंदवली. आईचा फोन घरी, माझ्या फोनला रेंज नाही. आईने शांतपणे पिशवीतली कोथिंबीर निवडायला घेतली. कोथिंबीर संपली. मग ती मेथीकडे वळली आणि मला रडू फुटलं.

शेवटी बाबा आम्हाला शोधत जिना उतरले. बंद दाराबाहेर त्यांचा आवाज आला, अगदी खुशीत. "अगं, मग लाल बटण दाबा की!"

"कधीची दाबतेय," आई म्हणाली. "नोंदवली म्हणते आणि कुणी येत नाही."

दाराच्या फटीतून बाबांच्या चपला दिसत होत्या. त्या हलत नव्हत्या.

"बाबा," मी म्हणाले, "तो चौकोन..."

"हो," बाबा म्हणाले.

ओरडणारे लोक केव्हापासून ओरडत होते हो! बटणाची असो की फोनवरची, प्रत्येक तक्रार त्या चौकोनातूनच पुढे जायची. ओरडा पोचवणाराच आम्ही बंद केला होता. वॉचमनने किल्ली आणून दार उघडलं, तेव्हा बाबा साहेबांना फोनवर सगळं सांगत होते. त्यांना गप्प बसता आलं असतं. चौकोन गुपचूप चालू केला असता, तरी कुणाला कळलं नसतं. पण दुसऱ्या शहरात एक म्हातारे गृहस्थ दिवसभर अडकून दवाखान्यात पोचले होते, आणि साहेबांच्या तोंडून ते ऐकल्यावर बाबांनी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

चौकोन चालू झाला. बाबांची जागा गेली. नकाशा कुठल्यातरी कपाटात गेला.

परवा दुपारी बेल वाजली. बाबांनी दार उघडलं. लिफ्टचा मेकॅनिक घामाघूम उभा होता. दोन बायका अडकल्याची तक्रार आहे म्हणाला. आईने आतून कळवलं, की त्या दोघी सुखरूप आहेत आणि मेथीची भाजीही खाऊन झाली.

मेकॅनिक जिन्यावर टेकला. सकाळपासून तो नुसता सुटून गेलेल्या लोकांना सोडवत हिंडत होता. ऑफिसातल्या कुणा शहाण्याने म्हणे काहीतरी बंद केलं आणि सगळ्या तक्रारी तुंबल्या, त्या आता एकदम सुटल्यात. मग त्याने बाबांना विचारलं, साहेब, तुम्ही कुठे असता?

"परवापरवापर्यंत तुमच्याच कंपनीत होतो."

"मग ओळखत असाल त्याला. एकट्याचं डोकं नसणार हे. कोण कोण होते हो?"

मी बाबांच्या मागेच उभी होते.

"एकटाच होता," बाबा म्हणाले.

मी मेकॅनिकला पाणी आणायला आत गेले. त्याने मागितलं नव्हतं.