रामराम घालून काढलेले फोटो

आमच्या शेजारचे मनोहरकाका जनावराला रामराम घातल्याशिवाय त्याचा फोटो काढत नाहीत. आणि रामरामही कसा, तर या बांधावरून त्या बांधावर ऐकू जाईल असा. मग व्हायचं तेच होतं. काकांच्या संग्रहात सांबराची पाठ आहे, नीलगाईची पाठ आहे, मोराचा तर नुसता मागचाच भाग आहे. एका फोटोत फक्त झुडपं आहेत. "थे अस्वल होतं," काका सांगतात.

"काका, गुपचूप काढा ना," म्हटलं, तर माझ्यावरच उखडले. "काहून? चोर हावो का आपन? न इचारता कोनाचा फोटो काढाचा नाई!"

अकोल्यात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, पासपोर्ट साइज. मोबाइल आले, स्टुडिओ बसला, पण जित्याची खोड जाते थोडीच! मेळघाटच्या रस्त्यात एक माकडीण पिल्लू घेऊन बसली होती. काका गाडीतून उतरून म्हणतात, "बाई, पोराचं तोंड इकडं करा. मान जराशीक खाली." बाई झाडावर पसार. मी स्टीअरिंगवर डोकं टेकून हसतोय.

तरी दर हिवाळ्यात त्यांना घेऊन मीच जातो. काय करता, शेजार पडला! परतवाड्याला चहा घ्यायचा, घाट चढायचा आणि चिखलदऱ्याजवळ एका ओळखीच्याच्या शेतात तंबू ठोकायचा. यंदा निघतानाच काकांनी बजावलं, "औंदा गवा पाह्यजे. अन् समोरून. तोंड दिसलं पाह्यजे."

सकाळी तंबूबाहेर चहा उकळताना मी विचारलं, एवढा हट्ट कशापायी?

"तुह्या काकूसाठी," काका म्हणाले.

काही वर्षांपूर्वी काकू मोरीत पडल्या होत्या. हाड केव्हाच जुळलं, पण धास्ती काही गेली नाही. तेव्हापासून त्या दाराबाहेर पडलेल्या नाहीत. त्यांचं माहेर तेल्हाऱ्याचं. लहानपणी शेतातून रोज हाच सातपुडा दिसायचा, पण वर जायचं राहूनच गेलं.

"मी म्हनतो चाल, थे म्हनते पुढच्या साली. पाठी पाहून कोनाले यावं वाटन बावा? एखांद्यानं तोंड दाखोलं, त उठन म्हनलं."

इतकी वर्षं मी त्या पाठींना नुसता हसत होतो.

शेवटच्या दिवशी थंडीनं काकांचा घसा पार बसला. आणि नेमका त्याच सकाळी वळणावर गवा! काका उतरले, हात जोडले, तोंड उघडलं. आवाजच नाही! पुन्हा उघडलं. गवा मान वर करून बघायला लागला, की या माणसाला झालंय तरी काय. काकांनी तेवढ्यात बटण दाबलं.

गवा गेल्यावर काका रस्त्यातच नाचले. मग चेहरा पडला. कुजबुजत म्हणाले, "पन रामराम पोचला अशीन का रे त्याले?"

"पोचला काका. म्हणून तर थांबला."

अकोल्याला आल्याबरोबर काकांनी फोटो मोठा करून आणला आणि काकूंच्या हातात दिला. काकू तो खिडकीशी धरून हसल्या. "मायबाई! आपल्या घरच्या गोऱ्ह्यावानी पाहून राहिला." मग त्यांचं बोट गव्याच्या मागे सरकलं. "हे काय होय? पहाड?"

"सातपुडा," मी म्हणालो.

"हिरवा हाय हो! मले त आतालोक निळाच वाटे."

बराच वेळ त्या फोटो बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तुह्या गाडीची समोरची सीट मांगं सरकते का रे?"

"सरकते काकू. पार मागं जाते."

काका चष्मा काढून पुसायला लागले. पुसतायत, पुसतायत, संपेचना.

"रडून काय राहिले?" काकू म्हणाल्या. "माही काठी कुठी ठेवली, थे पाहा आंधी."